ट्रॉली सकाळी उचलते, दुपारी का नाही? गिअर पंपाची गोष्ट

ज्यांना ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतोय. बोलता बोलता जे दोनदा बोललो ते काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय सुचला तो उन्हाळ्यात, गावी. मे महिना, अंबड तालुका, वर्क फ्रॉम होम. म्हणजे लॅपटॉप ओसरीवर आणि मी झाडाखाली. आमच्याकडं त्या दिवसांत एकच धांदल असते, गाळाची. पाझर तलाव आटतात, तळ उघडा पडतो आणि तो काळा गाळ शेतात नेऊन टाकायची घाई सुरू होते. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना राज्यात २०१७ साली आली तेव्हापासून तर जास्तच. जेसीबी भरतो, ट्रॅक्टर ओढतो, शेतात जाऊन ट्रॉली पालथी करायची की परत तलावाकडं. पाऊस पडला की खेळ खल्लास, तलावात उतरता येत नाही. म्हणून एकेक दिवस मोलाचा.

आणि नेमकी तेव्हाच काकांची ट्रॉली उचलेना.

आता गंमत ऐका. सकाळी सहाला ट्रॉली मस्त उचलायची. अकरापर्यंत जरा सुस्त व्हायची. दुपारी दोनला भरलेली ट्रॉली जागची हलायची नाही. रेस वाढवली की थोडी वर जायची, मग थांबायची. पण रिकामी ट्रॉली दुपारीही सुरसुर वर जायची! काका म्हणाले, "अरे, ऊन लागतंय बहुतेक तिला." सगळे हसले. पण मंडळी, काका बरोबर होते. कसं, ते शेवटपर्यंत कळेल. त्यासाठी आधी ट्रॅक्टरच्या पोटातला एक लहानसा पंप समजून घ्यावा लागेल. हातात मावेल एवढा असतो, त्याचं नाव गिअर पंप.

काही जुन्या रचनेच्या ट्रॅक्टरमध्ये पिस्टनचा पंप असतो, पण आज आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक गिअर पंपावर चालतं. जेसीबीसारख्या बऱ्याच मशीनमध्येही तोच. मोठमोठ्या गिअरबॉक्समध्ये वंगणाचं तेल फिरवायलाही तोच. तुमच्या बाईकच्या इंजिनात तेल फिरवणारा पंपसुद्धा बहुतेक वेळा याचाच चुलतभाऊ असतो, एकात एक बसलेल्या चाकांचा.

आत असतं काय? दोन दातेरी चाकं, एकमेकांत अडकलेली, आणि त्यांच्याभोवती अगदी चिकटून बसणारं घर, म्हणजे बॉडी. एका चाकाला इंजिन फिरवतं. ते दुसऱ्याला फिरवतं. एका बाजूनं तेल आत येतं, दुसऱ्या बाजूनं बाहेर जातं. बस्स. मोजून दोन फिरणारे भाग.

आता सांगा, तेल जातं कुठून? मी हा प्रश्न पाच-सहा जणांना विचारला. सगळ्यांचं उत्तर एकच, "दोन चाकांच्या मधून." कारण आपल्या डोळ्यासमोर रसवंती असते. दोन रोलरच्या मधून ऊस जातो, तसं तेल जात असेल. मलाही इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षापर्यंत तेच वाटायचं, खोटं कशाला बोलू.

पण हे साफ चूक आहे. मधून तेल जात नाही, उलट मधला रस्ता तर बंद असतो. तेल जातं बाहेरून, चाकांच्या कडेनं, बॉडीला घासून.

रसवंती विसरा आणि रहाट आठवा. जुन्या विहिरीवर रहाटगाडगं असायचं ना? चाकाला गाडगी बांधलेली, खाली भरायची, वर येऊन ओतायची. गिअरच्या दोन दातांमधली जी खाच असते, ती म्हणजे गाडगं. येणाऱ्या बाजूला खाच तेलानं भरते. चाक फिरतं, खाचेच्या तोंडावर बॉडीची भिंत येते, म्हणजे गाडग्याला झाकण लागलं. अर्धा फेरा मारून ती खाच जाणाऱ्या बाजूला पोचते. तिथं दुसऱ्या चाकाचा दात येऊन त्या खाचेत घुसतो. खाचेतल्या तेलाला जागाच उरत नाही. मागं जाता येत नाही, कारण दात दाताला भिडलेला. मग ते पुढं पाइपात जातं.

आणि आत तेल येतं कसं? येणाऱ्या बाजूला दात एकमेकांतून सुटतात, खाच मोकळी होते, तिथला दाब कमी होतो. टाकीतल्या तेलावर हवेचा दाब असतोच, साधारण १ बार. तो तेलाला आत ढकलतो. लक्षात ठेवा, पंप तेल 'ओढत' नाही, हवा ढकलते. आणि हवेकडं ताकद आहे फक्त १ बारची. म्हणून येणारा पाइप जाड आणि आखूड लागतो. तिथली जाळी तुंबली तर पंप कितीही चांगला असो, उपाशीच राहणार. उपाशी पंप ओरडतो. एक किरकिरणारा, बारीक किंचाळल्यासारखा आवाज येतो. तो आवाज आला की आधी जाळी बघायची.

ही कल्पना आजकालची नाही बरं का. ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार असतात हे सांगणारा योहानेस केप्लर शाळेत शिकलात ना? त्यानंच सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, खाणीतलं पाणी उपसायला, असा दोन दातेरी चाकांचा पंप आखला होता. चारशे वर्षं झाली, मूळ रचना तीच आहे.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पंप दाब तयार करत नाही. हो, परत वाचा. पंप फक्त प्रवाह तयार करतो, म्हणजे तेल पुढं ढकलतो. दाब तयार होतो पुढं अडथळा आला की. लिव्हर न्यूट्रलला असताना तेल टाकीतून निघतं, फिरून टाकीत येतं, दाब जवळपास नसतोच. लिव्हर ओढली, तेल जॅकमध्ये शिरलं, जॅकवर ट्रॉलीचं वजन आहे, मग ते वजन उचलायला जेवढा लागेल तेवढा दाब आपोआप चढतो. वजन जास्त तर दाब जास्त. वजन कमी तर दाब कमी.

आणि वाट पूर्ण बंद असेल तर? पंपाला 'पुरे' कळत नाही. तो ढकलतच राहतो. दाब चढत चढत काहीतरी फुटेपर्यंत जाईल. म्हणून तिथं रिलीफ वॉल्व्ह असतो. ठरलेल्या दाबाला तो उघडतो आणि तेल टाकीत सोडून देतो. ट्रॉली पूर्ण वर गेल्यावरही लिव्हर ओढून धरली की ट्रॅक्टर कुंथतो, तेव्हा तेच चालू असतं.

थोडं गणित करू, घाबरू नका, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतं. समजा पंप एका फेऱ्यात १६ सीसी तेल ढकलतो आणि मिनिटाला २,००० फेरे मारतो. झाले ३२ लिटर मिनिटाला. जॅकचा आतला व्यास १०० मिलिमीटर धरा, म्हणजे क्षेत्रफळ साधारण ७८.५ चौरस सेंटिमीटर. दाब १५० बार. गुणाकार केला की ताकद येते साधारण १२ टन! हाताएवढ्या पंपानं. गाळाची एक ब्रास, म्हणजे १०० घनफूट, भरते चार टनांच्या आसपास. मग १२ टन कशाला? तर सुरुवातीला जॅक तिरका असतो, त्याची बरीच ताकद वाया जाते. म्हणून ट्रॉली जागेवरून हलतानाच सगळ्यात जास्त दाब लागतो. एकदा हलली की सोपं.

याची दुसरी बाजूही बघा. १५० बारला मिनिटाला ३० लिटर तेल रिलीफ वॉल्व्हमधून वाया जात असेल तर ती ताकद होते साडेसात किलोवॅट. ही सगळी उष्णता होऊन तेलात जाते. दीड किलोवॅटचे पाच हीटर तेलात सोडल्यासारखं! म्हणून ट्रॉली वर गेली की लिव्हर लगेच सोडायची.

आता येऊ काकांच्या ट्रॉलीकडं.

गिअर आणि बॉडीमध्ये, गिअर आणि बाजूच्या प्लेटमध्ये थोडी फट ठेवावीच लागते, नाहीतर चाक फिरणार कसं? ही फट किती? साधारण १० ते २० मायक्रॉन. आपला केस धरा ७० मायक्रॉन. म्हणजे केसाच्या पाव जाडीची फट. १५० बारचं तेल या फटीतून मागं पळायला बघतंच. नव्या पंपातही थोडं पळतं.

फटीचा नियम मात्र लई वाईट आहे. फट दुप्पट झाली की गळती दुप्पट होत नाही, आठपट होते. दोन गुणिले दोन गुणिले दोन. आणि तेल जितकं पातळ तितकी गळती जास्त. हायड्रॉलिकचं साधं तेल ४० अंशांवरून ८० अंशांवर गेलं की त्याचा घट्टपणा पाव हिश्श्याच्याही खाली येतो. म्हणजे गळती चौपट.

आता ढोबळ हिशोब लावा. नवा पंप, गार तेल, भरलेली ट्रॉली. गळती समजा मिनिटाला १ लिटर. ३२ पैकी ३१ लिटर कामाला. ८ लिटरचा जॅक पंधरा-सोळा सेकंदांत भरतो. पंप झिजला, फट दुप्पट झाली, तेल गार. गळती ८ लिटर, उरले २४. ट्रॉली २० सेकंदांत वर. चार-पाच सेकंदांचा फरक, कोण मोजतंय? मग दुपार झाली, तेल तापलं, गळती चौपट. आठ चोक बत्तीस. ३२ मधून ३२ गेले, उरलं शून्य.

ट्रॉली उभी. पंप फिरतोय, ट्रॅक्टर ओरडतोय, आणि सगळं तेल पंपाच्या आतल्या आत गोल फिरतंय. त्यात ते आणखी तापतंय.

बाकीची कोडीही सुटली बघा. रिकामी ट्रॉली का उचलायची? वजन कमी, दाब कमी, म्हणून गळतीही कमी. रेस वाढवल्यावर का हलायची? गळती फेऱ्यांवर अवलंबून नाही, दाबावर आहे. फेरे वाढले की तेल जास्त येतं, गळती तेवढीच राहते, दोन-चार लिटर शिल्लक उरतात. पण तेवढ्यात तेल आणखी तापतं की परत थांबते. काका म्हणाले होते ऊन लागतंय. खरंच लागत होतं, तेलाला.

मग पंप बदलायचा, झालं? आम्हालाही तसंच वाटलं. एका गॅरेजवाल्यानं बघितलं, "पंप गेला" म्हणाला, नवा बसवून दिला. पाच हजारांच्या वर गेले. आठवडाभर ट्रॉली पाखरासारखी उचलली. नवव्या-दहाव्या दिवशी दुपारी परत तेच.

काकांचा चेहरा मला अजून आठवतो. पैशापेक्षा दिवसांचं दुःख होतं. आभाळ भरून यायला लागलं होतं आणि अर्धं शेत गाळाविना होतं.

मग जालन्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना आणलं. मामा म्हणतो आम्ही त्यांना. त्यांनी पंप सोडण्याआधी एकच प्रश्न विचारला, "पंप बदलला तवा तेल बदललं व्हतं का?" आम्ही एकमेकांकडं बघत बसलो. तेल तेच भरलं होतं. "चांगलं दिसतंय की, कशाला फेकायचं," म्हणून.

मामांनी नवा पंप उघडून दाखवला. बॉडीच्या आत, तेल येणाऱ्या बाजूला, गोल गोल ओरखडे. बाजूच्या प्लेटांवर रेघा. येणाऱ्या बाजूलाच का? कारण जाणाऱ्या बाजूचा दाब गिअरना सतत तिकडं दाबत असतो. झीज तिथंच होते. मग त्यांनी टाकीतलं तळाचं तेल बोटांवर घेऊन चोळलं आणि माझ्या बोटांवर लावलं. दिसत काहीच नव्हतं. पण बोटांना जाणवत होतं, अगदी बारीक पीठ.

गाळ.

मंडळी, मातीतल्या ज्या कणांना शास्त्रात गाळ म्हणतात, त्यांचा आकार २ ते ६० मायक्रॉनच्या आसपास. फट आहे १०-२० मायक्रॉनची. म्हणजे नेमका त्या फटीत अडकून घासणाऱ्या मापाचा माल! जो गाळ शेताचं सोनं, तोच पंपाचा काळ. डोळ्याला तो दिसत नाही, म्हणून 'तेल चांगलं दिसतंय' याला काही अर्थ नाही.

आत गेला कसा? ट्रॉलीचा पाइप ट्रॅक्टरला जोडतो ते कपलिंग. दिवसातून चार वेळा काढायचं, तसंच मातीत टाकायचं, परत खुपसायचं. प्रत्येक वेळी चिमूटभर गाळ आत. शिवाय तेल कमी झालं की अंगणातल्या कुठल्याही मगानं ओतायचं. आणि जुना पंप झिजला तेव्हा त्याच्या धातूचा कीसही त्याच तेलात राहिला, तो नव्या पंपानं खाल्ला.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. आमच्याकडं सर्व्हर पडला की रीस्टार्ट करतात, चालू झाला की सगळे टाळ्या वाजवतात आणि बग तिथंच राहतो. काकांचा नवा पंप म्हणजे तो रीस्टार्ट होता. पंप गुन्हेगार नव्हता, तो तर बळी होता.

मग मामांनी काय केलं ते सांगतो, कारण हे कुणाच्याही कामाला येईल. सगळं तेल काढलं. टाकीतलंच नाही, जॅकमधलं आणि पाइपातलंसुद्धा. बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्सचं आणि हायड्रॉलिकचं तेल एकच असतं, त्यामुळं हे काम मोठं आहे, पण टाळायचं नाही. जाळी धुतली, फिल्टर नवा. पंप बसवण्याआधी फिरण्याची दिशा जुळवून बघितली. हा पंप एकाच दिशेसाठी बनलेला असेल आणि उलटा फिरला, तर दाब शाफ्टच्या सीलवर येतो आणि सील फुटतं. मग पंपात हातानं थोडं तेल ओतलं, कोरडा पंप पहिल्या मिनिटातच खरचटतो. आणि ट्रॅक्टर कमी रेसवर, वजन न टाकता, काही मिनिटं चालवला.

या सगळ्यात एक प्रसंग घडला, तो सांगितल्याशिवाय हा भाग संपवणार नाही. माझा चुलतभाऊ, बावीस वर्षांचा. पाइपाला कुठंतरी बारीक गळती होती, तेलाचा फवारा दिसत नव्हता, फक्त ओल. ट्रॉली वर उचललेली, पाइपात दाब. हा पठ्ठ्या तळहात फिरवून गळती शोधायला निघाला. मामा एवढ्या जोरात ओरडले की मीच दचकलो. "हात काढ! हात गमवायचाय का?"

सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून एवढ्या दाबानं येणारं तेल कातडी फोडून सरळ आत जातं. इंजेक्शनसारखं. वर फक्त टोचल्यासारखा ठिपका दिसतो, सुरुवातीला फारसं दुखतही नाही. पण तेल आत पसरतं, आतलं मांस सडायला लागतं, आणि उशीर झाला तर बोट किंवा हात कापायची वेळ येते. असं कधी झालं तर 'उद्या बघू' नाही. त्याच तासात मोठ्या दवाखान्यात, आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं, 'हायड्रॉलिकचं तेल दाबानं आत गेलंय.' गळती शोधायची तर ट्रॅक्टर बंद, ट्रॉली खाली, दाब सोडलेला, आणि मगच हात. चालू असताना बघायचंच असेल तर लांबून पुठ्ठ्याचा तुकडा धरायचा. आणि वर उचललेल्या ट्रॉलीखाली टेकू लावल्याशिवाय कुणीही, कधीही जायचं नाही. ती ट्रॉली तेलावर उभी आहे, लोखंडावर नाही. पाइप फुटला की ओरडायलाही वेळ मिळत नाही.

आता शेवटी एक काम देतो, मोबाईल तर हातात आहेच. तुमच्या घरी हायड्रॉलिक ट्रॉली असेल तर स्टॉपवॉच लावा. भरलेली ट्रॉली, रोजची रेस, लिव्हर ओढल्यापासून पूर्ण वर जाईपर्यंत किती सेकंद? एकदा सकाळी, एकदा दुपारी. नोट्समध्ये तारखेसह लिहून ठेवा. महिन्यानं परत मोजा. सेकंद वाढत चालले की पंप तुम्हाला सांगतोय, अजून वेळ आहे. आणि उचलत नसेल तर लगेच पंप बदलू नका. आधी तेल बघा. पांढरं दुधासारखं असेल तर पाणी शिरलंय, फेस असेल तर कुठून तरी हवा येतेय, काळं आणि जळका वास असेल तर तापून मेलंय. मग जाळी आणि येणाऱ्या पाइपाचे क्लॅम्प. मग प्रेशर गेज लावून रिलीफ वॉल्व्ह. पंपाचा नंबर सगळ्यात शेवटी.

आणि कपलिंगला झाकण. दोन झाकणं, एक फडकं. काकांनी आता ते फडकं स्टिअरिंगलाच बांधून ठेवलंय.

गाळ? पाऊस यायच्या तीन दिवस आधी संपला. एक तुकडा राहिला, तो पुढच्या वर्षी. काका म्हणतात, "तलाव कुठं पळून चाललाय!"

तुमच्या घरच्या ट्रॉलीचे सकाळचे आणि दुपारचे सेकंद मला नक्की पाठवा, पुढच्या भागात वाचून दाखवतो. आणि हा भाग घरातल्या त्या माणसाला पाठवा, जो हातानं गळती शोधतो. प्रत्येक घरात एक असतोच. भेटू, रामराम!